हिवरमाथ्यात दिवा लागतो काय?

कन्नडहून घाटाच्या अंगाला निघालं की बोरखोरीपर्यंत गाडीवाट होती. बोरखोरीच्या पुढं वाट संपायची आणि चढ लागायचा. वरची माणसं तो चढ दीड तासाचा सांगत, खालची माणसं तीन तासांचा. दोघंही खरं बोलत. वरच्यांना आपल्या घरी जायचं असे, खालच्यांना दुसऱ्याच्या.

चढ संपला की मैलभर सपाटी, आणि तिच्यावर हिवरमाथा. घरं एकेचाळीस. निम्मी शेतकऱ्यांची, निम्मी धनगरांची. जमीन मुरमाड, तिच्यात बाजरी, ज्वारी, मटकी आणि दगड हे चारही चांगले येत. शेतकरी आणि धनगर यांचं भांडण श्रावणात व्हायचं आणि समेट चैत्रात. कारण श्रावणात मेंढरं पिकात शिरत, आणि चैत्रात तीच मेंढरं खतासाठी शेतात बसवून घ्यायची असत. माथ्यावर बारा महिने वारा, त्यामुळं बोलणं मोठ्यानं. कन्नडच्या बाजारात एखादा माणूस समोरच्याशी नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलू लागला की लोक म्हणत, हिवरमाथ्याचा आहे.

अशा या गावाला स्वतःबद्दल शंका कधी नव्हती. शंका होती ती सरकारला. निजामाचं राज्य जाऊन, पोलीस ॲक्शन होऊन सहा वर्षं झाली होती. सगळं दप्तर उर्दूतून मराठीत उतरलं होतं. त्यात हिवरमाथ्याच्या नावापुढं जुनाच शब्द तसाच उतरला होता: बेचिराग. म्हणजे ओसाड, जिथं सांजेला दिवा लावायलाही कुणी उरलेलं नाही असं गाव.

यात चूक म्हटली तर गावाचीच होती. फार मागं गाठीच्या तापाची साथ आली, तेव्हा हिवरमाथ्याचे लोक घरं सोडून शिवेवर, पाण्यातल्या आसरांच्या ओढ्याशी जाऊन राहिले आणि वाचले. तेव्हापासून दर तिसऱ्या वर्षी, पौषातल्या तिसऱ्या मंगळवारी गाव तसंच बाहेर पडे. याला चूलबंद म्हणत. दिवस उगवायच्या आत माणसं, बैल, मेंढरं, कोंबड्या, कुत्री सगळी शिवेवर. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत गावच्या माणसानं गावठाणात पाय ठेवायचा नाही, तिथं चूल नाही, दिवा नाही. साथ आता येत नव्हती. पण सवय मोडू नये असं गावाचं मत होतं.

पंचवीस-तीस वर्षांमागं निजामाचा एक मोजणीवाला डोंगराच्या पलीकडच्या सोंडेनं चढून नेमका त्याच मंगळवारी गावात पोचला. एकेचाळीस घरं, धूर नाही, माणूस नाही, भुंकायला कुत्रंसुद्धा नाही. भला माणूस होता, हळहळला असेल. बेचिराग असं लिहून आला तसा उतरून गेला. दुसऱ्या दिवशी गाव परतलं तेव्हा वेशीत नवा दगड रोवलेला दिसला. सरकारनं आपली दखल घेतली म्हणून गावानं त्या दगडाला नारळ फोडला.

पुढं कळलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नसण्याचे फायदे होते. लेव्हीच्या दिवसांत खालच्या गावांतून धान्य उचलून नेलं, वर कुणी आलं नाही. ओसाड गावाकडं धान्य मागायला सरकार जात नसतं. शेतसारा मात्र नेमानं द्यावा लागे. शेतं कागदावर होती, फक्त माणसं नव्हती. तेव्हा हिवरमाथ्याची जमीन आपली आपण पिकते, असं सरकारचं मत असावं. काकासाहेबांना सगळं गाव पाटील म्हणे. सरकार म्हणत नसे. गावानं पदरचे दगड घालून चावडी बांधली होती. नसलेल्या गावाला ती जरा मोठीच होती.

हे असंच चाललं असतं; पण बानाबाईला तिची पत्रं हवी होती.

बानाबाई ही कस्तुराबाई धनगरणीची सून. नवरा सोनाजी फौजेत, लांब काश्मिराकडं. बानाबाईचा बाप कन्नडला एका गोदामावर राखण करायचा, त्यामुळं ती तिसरीपर्यंत शिकली होती. सोनाजी फौजेत शिकला होता. एकमेकांना पत्र लिहू शकणारं असं जोडपं माथ्यावर दुसरं नव्हतं. पण बेचिराग गावाला टपाल जात नाही. हिवरमाथ्याची पत्रं बोरखोरीत, रामकिसन शेटच्या किराणा दुकानात पडत, आणि तिथं पाकिटं उघडत. घाटातली ओल फार, डिंक धरत नाही, असं रामकिसन शेट सांगे. उघडलेलं पाकीट वाचलं नाही तर लिहिणाऱ्याचा अपमान, म्हणून तो वाचे. आणि वाचतोच आहे तर चार माणसांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचे.

बानाबाई शनिवारी मीठ-तेलाला खाली उतरली की बातमी तिच्या आधी तयार असे.

"बानाबाई, सोनाजीला पडसं झालंय. गरम पाणी पी म्हणावं."

"कागद कुठाय, शेट?"

"हाय की. शेजारच्या तात्यासाहेबानं घरी नेलाय, त्याच्या मंडळीला ऐकायचा व्हता. पुढच्या शनवारी घिऊन जा."

एकदा सोनाजीनं लिहिलं, की इथं बर्फात बसलं की तुझ्या हातची बट्टी आठवते, अन् चूल फुंकताना तू एक डोळा बारीक करतीस तो डोळा आठवतो. ते पत्र बानाबाईच्या हातात पडलं तोवर बोरखोरीला पाठ झालं होतं. पुढं महिनाभर ती बाजाराला उतरली की ओट्यावरची माणसं एक डोळा बारीक करून रामराम घालायची. भल्या भल्या बायासुद्धा.

तिनं सोनाजीला लिहिलं, की कागदात फक्त हवापाणी लिहा. सोनाजी हुकूम पाळणारा माणूस. त्यानं चौदा पत्रं हवापाण्याची लिहिली. 'इकडे थंडी आहे. तिकडे कशी आहे? बैल बरे असतील. मेंढरे बरी असतील.' चौदाव्या पत्रावर रामकिसन शेटनंच तक्रार केली.

"तुमचा सोनाजी पह्यल्यावाणी लिवत नाय आता. काय भांडला काय गं?"

त्या दिवशी बानाबाई मिठाची पुडी घेऊन चढ चढली आणि घरी न जाता थेट काकासाहेबांच्या ओसरीपुढं उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "पाटील, मला माझा कागद माझ्या हातात पायजे. बंद."

काकासाहेबांनी विचारलं, "म्हंजी काय करायचं?"

"गाव हाय असं सरकारला कळवा."

गावात यावर चार दिवस बोलणं झालं. फकिरा नावाचा एक शेतकरी होता, त्याचं म्हणणं, "कशाला? नसलेलं गाव लई सोयीचं असतंय. आज टपाल यील, उद्या घरपट्टी यील." पण काकासाहेबांनाही सरकारी पाटील व्हायचं राहून गेलं होतं. त्यांनी अर्ज केला. अर्जात लिहिलं, की हे गाव पहिल्यापासून आहे व सध्याही आहे, तरी मेहेरबानी होऊन तशी नोंद व्हावी.

उत्तर आलं ते अर्थातच बोरखोरीत. ते सोळा दिवस दुकानात राहिलं. "सरकारी कागद," रामकिसन शेट नंतर म्हणाला, "त्यात काय गंमत नव्हती, म्हून मागं पडला." तो वर पोचला सोमवारी दुपारी. त्यात लिहिलं होतं, की महसूल खात्याचे गिरदावर नानासाहेब हे मंगळवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, समक्ष येऊन पाहणी करतील. सूर्यास्तानंतर गावठाणात दिवा लागतो काय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तसा शेरा देतील.

तो मंगळवार पौषातला तिसरा होता, आणि वर्षही तिसरं होतं.

काकासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि कस्तुराबाईकडं गेले. चूलबंदचा सगळा नेम तिच्या हातात. सत्तरीची बाई, काठी हातात, ती मेंढरांसाठी की माणसांसाठी हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"कस्तुराबाई, यंदा चूलबंद बुधवारी केली तर?"

"ताप बुधवारी आला तर चालंल का इचारून या."

"अवं, एक दिवा. चावडीत. एका माणसानं जायचं, लावायचा, माघारी यायचं."

"नाय."

"गाव कागदावर येतंय."

"येऊ द्या की. मी कवा नको म्हनले? पर आपल्या मानसानं त्या दिशी गावात दिवा लावायचा नाय. माझ्या सासूनं मोडलं नाय, मी मोडनार नाय."

बानाबाई दाराशी बाजरी पाखडत होती. सूप थांबलं. ती पुन्हा पाखडू लागली, पुन्हा थांबली.

"आत्याबाई, आपल्या मानसानं लावायचा नाय. पाव्हन्यानं लावला तर?"

कस्तुराबाईनं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"पाव्हन्याचं नेमात काय नाय," ती म्हणाली. "साथीच्या टायमाला पाव्हना कोन येतो?"

काकासाहेब खूश होऊन म्हणाले, "मग झालं. मी गिरदावराला सांगतो, सायेब, एवढा दिवा लावा."

"सांगायचं नाय. सांगून लावला तर तो आपलाच दिवा. त्यानं त्याच्या मनानं लावला पायजे."

"अन् नाय लावला तर?"

"तर नाय," कस्तुराबाई म्हणाली, आणि सुनेकडं बघितलं. सून खाली मान घालून पाखडत होती. "दिवस बुडायच्या आत चावडीतल्या कंदिलात घासलेट भरून ठिवायला मातर कुनाची ना नाय. आज सोमवार हाय."

बानाबाईनं त्या सांजेला कंदील भरला, काच राखेनं घासली, वात कातरली आणि तो चावडीच्या खुंटीवर, उभ्या माणसाच्या हाताला येईल असा टांगला. मग खाली उतरवला आणि बसलेल्या माणसाला दिसेल असा टांगला.

मंगळवारी उजाडायच्या आत गाव रिकामं झालं. ओढ्याकाठी गोवऱ्यांचे जगरे पेटले, त्यात बट्ट्या पडल्या, मोठ्या हंड्यात वरण शिजलं. दुपारी गिरदावर नानासाहेब शिपायासह वर आले. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर गुलमंडीच्या बाजारातली नवी टोपी. आयुष्य उर्दू दप्तरात गेलेलं. मराठी अक्षर नव्या सुनेसारखं जपून काढीत. माणूस सरळ होता, आणि सरळ अधिकाऱ्याचा जितका त्रास होतो तितका दुसऱ्या कुणाचा होत नाही. शिपाई पुंजाराम मागं दप्तर घेऊन, बिडी ओढत.

शिवेवर दोनशे माणसं जेवायला बसलेली पाहून नानासाहेब थांबले. "लग्न आहे काय?"

"नाय सायेब. गाव हाय," काकासाहेब म्हणाले.

"गाव तर तिकडं वर दिसतंय."

"ते घरं हायेत. गाव हितं बसलंय. तुमीबी बसा."

नानासाहेब बसले. पाच बट्ट्या खाल्ल्या, तूप नको म्हणत म्हणत घेतलं. चूलबंदची हकीकत शांतपणे ऐकली. शेवटी हात धुऊन कागद काढला.

"पाटील, मला सगळं पटतं. पण माझ्या कागदात शीव नाही, गावठाण आहे. सूर्यास्तानंतर गावठाणात दिवा लागतो काय. होय किंवा नाही. मी पाहीन तेच लिहीन."

"उद्या पाहा की."

"उद्या मी अजिंठ्याकडच्या अंगाला. या बाजूला पुन्हा फेरी दोन वर्षांनी."

फकिरा पलीकडून म्हणाला, "काय घाई नाय सायेब," आणि काकासाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं उरलेली बट्टी तोंडात घातली.

बानाबाई वाढत होती. दोन वर्षं म्हणजे किती पत्रं, हा हिशेब तिला तिसरीपर्यंतच्या शिक्षणात येत होता. तिनं नानासाहेबांच्या द्रोणात आणखी वरण वाढलं.

दिवस कलला तसे नानासाहेब उठले. "मी गावठाणात जाऊन बसतो. पाहणी करतो, कागद लिहितो, आणि खाली येऊन दोन पंचांच्या सह्या घेतो."

"चावडीत बसा," कस्तुराबाई म्हणाली. "तिथं वारा लागत नाय." एवढंच. नेमात बसेल इतकंच ती बोलली.

दोघं वर गेले. गाव ओढ्याकाठी उभं राहून बघत राहिलं. सूर्य बुडाला. माथ्यावरची एकेचाळीस घरं आधी तांबडी, मग करडी, मग नुसती आकाशावर काढलेली रेघ झाली. चावडी तिथंच कुठंतरी होती. पोरं गप्प, कुत्री गप्प. हिवरमाथ्याचं अख्खं गाव इतकं गप्प कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"अंधारात लिवता येत असंल का वं त्याला?" कुणीतरी विचारलं.

"उर्दूत येत असंल," फकिरा म्हणाला.

बानाबाईच्या हातात वरणाचं रिकामं भांडं होतं, ते तिनं अजून खाली ठेवलं नव्हतं.

मग रेघेच्या मधोमध एक पिवळा ठिपका आला. हलला, मोठा झाला, स्थिर झाला.

"लागला," कस्तुराबाई म्हणाली.

बानाबाईनं भांडं खाली ठेवलं.

अर्ध्या तासानं तो ठिपका वाट उतरत शिवेवर आला. पुढं कंदील धरून पुंजाराम, मागं नानासाहेब, त्यांच्या हातात लिहिलेला कागद. चेहरा थोडा पडलेला. "काकासाहेब, वाईट वाटतं. पण पाहिलं ते लिहिलं. दोन सह्या द्या."

काकासाहेबांनी कागद कंदिलाशी धरला आणि माथ्यावरच्या आवाजात वाचला: "सूर्यास्तानंतर गावठाणात एकही दिवा आढळला नाही." त्यांनी कागद परत केला. "ह्याच्यावर सही कशी करू, सायेब? आढळला की."

"कुठं?"

"चावडीत. दोनशे मानसांनी बघितला."

नानासाहेब म्हणाले, "तो मी लावला. लिहायला दिसत नव्हतं म्हणून."

"व्हय. तर तसं लिवा, मी सही करतो."

"मी लावलेला दिवा गावाचा कसा होईल?"

कस्तुराबाई काठी टेकत पुढं आली. "कंदील चावडीचा. घासलेट चावडीचं. चावडी गावाची. काडी तेवढी तुमची, सायेब. ती पायजे तर माघारी घ्या."

"काडी माझी हाय," पुंजाराम म्हणाला.

नानासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. पुंजारामाची वीस वर्षं नोकरी झाली होती, आणि आठ बट्ट्या. तो कंदील धरून सरळ उभा होता. "सायेब, दिवा नाय असं लिवायचं तर बिनदिव्याचं लिवायला पायजे व्हतं," तो म्हणाला.

यावर कुणी हसलं नाही, हे हिवरमाथ्याच्या शिष्टाचारात येतं. नानासाहेबांनी कागद पुन्हा वाचला. मागची बाजू पाहिली. दिवा कुणी लावला, असा रकाना तिथंही नव्हता. गावठाणात दिवा लागतो काय, एवढंच विचारलं होतं. आणि खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा नेम कस्तुराबाईच्या नेमाइतकाच जुना होता. आपण आपल्या डोळ्यांनी, हाताच्या अंतरावरून, दिवा पाहिलेला आहे हे त्यांना कबूल करणं भाग होतं.

ते दगडावर बसले. पुंजारामानं कंदील जवळ धरला. 'एकही दिवा आढळला नाही' यावर रेघ मारून त्यांनी जपून, एकेक अक्षर काढीत लिहिलं: 'होय. चावडीत. स्वच्छ काचेचा.' मग मान वर करून म्हणाले, "आता माणसं मोजू. सगळे इथंच आहेत ना?"

सगळे तिथंच होते, जेवलेले, एका जागी बसलेले. घरोघर न फिरता, एक कुत्रं अंगावर न घेता दोनशे सात माणसांची मोजणी झाली. नानासाहेब जाताना काकासाहेबांना म्हणाले, की प्रत्येक गावानं पाहणीच्या दिवशी असं बाहेर येऊन बसावं. हा कंदील रात्रीच्या मुक्कामाला नेऊ का, असंही त्यांनी विचारलं, आणि दोघं पुन्हा चावडीत जाऊन झोपले. त्या चूलबंदला हिवरमाथ्यात सरकार सोडून कुणी नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाला नोंद झाली. दसऱ्याच्या सुमाराला टपालवाला पहिल्यांदा चढ चढला. त्याच्याकडं दोन कागद होते. एक घरपट्टीचा, तो फकिरानं सगळ्यांना दाखवत गावभर फिरवला, आणि आपण म्हटलं तसंच झालं याच्या आनंदात पट्टी सगळ्यांच्या आधी भरली. दुसरं पाकीट जाड होतं, बंद होतं, आणि घाटाची ओल चढूनही त्याचा डिंक पक्का होता.

बानाबाईनं ते घेतलं आणि हिवराच्या झाडांपलीकडं, मेंढरांच्या वाड्याकडं गेली. ती बऱ्याच उशिरानं परतली. कस्तुराबाई भाकरी थापत होती.

"काय म्हनतोय सोनाजी?"

"बरं हाय म्हनत्यात."

कस्तुराबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "जाड दिसत व्हतं पाकीट."

"व्हय," बानाबाई म्हणाली, आणि चूल फुंकायला बसली. एक डोळा बारीक करून.

शनिवारी ती मीठ-तेलाला बोरखोरीत उतरली. दुकानाच्या ओट्यावर रामकिसन शेट, तात्यासाहेब आणि नेहमीची मंडळी होती. शेटनं मीठ तोलायला जरा जास्तच वेळ घेतला.

"आलं म्हनं टपाल वरच."

"आलं."

"काय लिवलंय मग?"

"हवापानी."

"बास?"

"बास."

शेटनं पुडी बांधली. वर एक चिमूट मीठ जास्तीचं टाकलं. बानाबाईनं पुडी ओच्यात घातली आणि चढाला लागली.

हिवरमाथ्याची एवढी माहिती मिळाली. घरं एकेचाळीस, माणसं त्या वर्षी दोनशे सात, चावडी एक, कंदील एक. पत्रात काय होतं, ते मात्र पुष्कळ विचारूनही कळलं नाही. पानं सात होती, असं टपालवाला सांगतो; पण तोही नुसता वजनावरून.